क्रोख्माल्ना, दहा नंबर

घाई नसेल तेव्हाच हे वाचायला घ्या. मधेच वाटलं तर पान बाजूला ठेवा, खिडकीबाहेर बघा, मग परत या. आपल्याकडे आधी श्रवण आणि मग मनन असा क्रम सांगितलेला आहे. आज ज्याच्यापाशी बसायचं आहे तो माणूस जन्मभर याच क्रमानं लिहीत आला. आयझॅक बाशेव्हिस सिंगर त्याचं नाव. पोलंडमध्ये वाढला, १९३५ साली अमेरिकेत गेला, १९९१ मध्ये फ्लोरिडात वारला. मधली सगळी वर्षं अमेरिकेत राहून तो यिडिशमध्ये लिहीत होता. यिडिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यू घरांतली बोली. लिहायची हिब्रू लिपीत, उजवीकडून डावीकडे. १९७८ चं नोबेल त्याला मिळालं. एवढी माहिती पुरे, आणि पुढे जाताना तीही विसरलात तरी बिघडत नाही. आपल्याला आधी त्याच्या घरात जायचं आहे.

वॉर्सा शहर. क्रोख्माल्ना नावाची गल्ली. दहा नंबर. पहिलं महायुद्ध अजून काही वर्षं लांब आहे. गल्ली गरिबांची. हमाल, फेरीवाल्या बायका, चोर, देहविक्रय करणाऱ्या मुली आणि दिवसरात्र पोथ्यांत डोकं घालून बसलेली माणसं, सगळी एकाच वस्तीत. लहानग्या आयझॅकचे वडील ज्यूंच्या हसिदी पंथाचे धर्मगुरू. घरातली एक खोली हीच त्यांची कचेरी. सोडचिठ्ठी हवी असलेलं जोडपं तिथंच येतं. भागीदारीत बिनसलेले दोन व्यापारी येतात. स्वयंपाकात काही विटाळलं की काय, असं विचारायला शेजारीण येते. पोलीस नाहीत, वकील नाहीत. वडील ऐकून घेतात, ग्रंथ उघडतात, निवाडा देतात. मुलगा दाराशी बसलेला असतो. कधी त्याला बाहेर पिटाळतात, पण तो फार लांब जात नाही.

तुम्हीही त्याच्या शेजारी बसा. जागा आहे.

आज एक बाई टोपलीतून दोन गूज घेऊन आली आहे. गूज म्हणजे बदकाच्या जातीचे मोठाले पक्षी. रीतसर कापलेले, मुंडकी उडवलेली, आतलं काढून टाकलेलं. बाई घाबरून सांगते, की मेले तरी हे ओरडतात. वडिलांचा विश्वास बसत नाही. बाई एक पक्षी उचलून दुसऱ्यावर आपटते, आणि खरंच किंकाळी येते. वडिलांचा चेहरा पांढरा पडतो. भीतीही आहे, आणि खोल कुठे तरी आनंदही, कारण आभाळातून खूण आली आहे असं त्यांना वाटतं. मग स्वयंपाकघरातून आई येते. बिल्गोरायच्या मोठ्या धर्मगुरूंची मुलगी, बुद्धीनं तल्लख, जिभेनं कोरडी. ती एकच विचारते: नरडी काढली होतीस का? नव्हती काढली. आई बोटं घालून एकेक नरडं उपटून काढते. पुन्हा आपट म्हणते. बाई आपटते. आवाज नाही.

मुलगा दोघांकडे बघतो आहे. मेलेले पक्षी पुन्हा ओरडावेत, अशी तो मनातल्या मनात प्रार्थना करतो. ते ओरडत नाहीत. आई परत चुलीकडे जाते, आणि वडील मुलाला म्हणतात की ती तिच्या वडिलांवर गेली आहे, मोठा विद्वान माणूस, पण रक्त थंड.

इथे थोडं थांबा. पुढे वाचू नका.

त्या खोलीत तुम्ही कोणाच्या बाजूनं होता? चटकन उत्तर आलं असेल तर ते खरं धरू नका. किंकाळी ऐकली तेव्हा अंगावर काटा आला असेल, आणि नरडं निघालं तेव्हा सुटल्यासारखंही वाटलं असेल. सुटल्यासारखं वाटताना काही तरी हातचं गेलं, असं वाटलं का? तिथे रेंगाळा. सिंगरच्या कथा त्या जागी उभ्या आहेत. सैतान, पछाडलेल्या मुली, रात्री उठणारी मढी त्याच्या कथांत भरपूर आहेत, आणि त्यांच्या शेजारीच आईचा तो कोरडा प्रश्नही आहे. मला विचाराल तर त्याच्या सर्वांत चांगल्या कथांत नरडं काढून झालेलं असतं, आणि तरीही आपल्याला किंकाळी ऐकू येत राहते.

आता तुमच्या घराचं दार. वाडा असेल, चाळ असेल, सरकारी क्वार्टर असेल. तुमच्याकडे तक्रार घेऊन कोण यायचं? बांधावरून भांडलेले चुलते? नवऱ्यानं पगार उडवला म्हणून रडत आलेली शेजारीण? भिशीचे पैसे बुडाले म्हणून शिव्या घालणारा कोणी? पहिल्या पावसाचा वास, आजीच्या हातची चव, अंगणातलं तुळशीवृंदावन हे सगळं क्षणभर दूर ठेवा. ते आठवणं फार सोपं आहे, आणि देश सोडून गेलेल्यांच्या निम्म्या कथा त्यातच बुडतात. त्या आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य आठवतं का बघा. खुर्चीवर बसला की उभ्यानं बोलला? कोणत्या शब्दाला अडखळला? तुम्हाला खोलीबाहेर कधी काढलं?

नाही आठवलं तर राहू द्या. ओढून आणू नका.

१९१७ मध्ये वॉर्सात उपासमार आणि टायफस. आई आयझॅकला आणि धाकट्या भावाला घेऊन आजोळी, बिल्गोरायला गेली. शतकानुशतकं जिथे फारसं काही हललं नव्हतं असं ते गाव त्यानं काही वर्षं पाहिलं. पुढे विशीच्या सुमाराला वॉर्सात एका यिडिश नियतकालिकात मुद्रितं तपासायचं काम मिळालं. थोरला भाऊ इस्रायल जोशुआ तोपर्यंत नामांकित लेखक झालेला. बहीण एस्थर हीही लेखिका, पण भावांच्या सावलीत राहिलेली. १९३५ साली आयझॅक भावाच्या मागोमाग न्यूयॉर्कला आला. मागे एक स्त्री आणि पाच वर्षांचा मुलगा राहिले. त्याकडे आपण पुन्हा येऊ.

आणि मग कथा बंद पडली.

या बंद पडण्यापाशी जरा जास्त वेळ बसू या. प्रेरणा आणि सवयी यांबद्दल लेखकांना सगळे विचारतात, पण लिहिणं थांबलेल्या वर्षांबद्दल सहसा कोणी विचारत नाही. आल्याआल्या ‘फॉरवर्ट्स’ या न्यूयॉर्कच्या यिडिश दैनिकात त्याची एक कादंबरी क्रमशः छापली गेली. ती त्याची त्यालाच फसलेली वाटली. त्यानंतरची काही वर्षं कथा जवळजवळ नाहीच. पोटासाठी तो त्याच दैनिकात टोपणनावांनी लेख लिहीत होता. वाटेल त्या विषयांवरचे, सल्ल्याचे, चमत्कारांचे. एक टोपणनाव ‘वर्शावस्की’, आपल्या चालीनं म्हणायचं तर ‘वॉर्साकर’.

का थांबली कथा? आठवणी तर होत्या. तरुण होता, नजर तल्लख होती, भाषा हातात होती. ब्रुकलिनमध्ये कानावर यिडिश पडत नव्हती असंही नाही. पण ती इथली यिडिश होती, इंग्रजी शब्दांनी ठिगळलेली, आणि त्याला ती खुपायची. १९४३ मध्ये त्यानं अमेरिकेतल्या यिडिश गद्याविषयी एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की इथल्या आयुष्याबद्दल यिडिशमध्ये लिहायला गेलं की ते नकली वाजतं. लिहायचं तर मागे राहिलेल्या जगाबद्दलच लिहावं. हे मत तंतोतंत पटायचं कारण नाही, आणि पुढे त्यानं स्वतःच ते पाळलं नाही. पण या मताखाली दबलेली अडचण ऐका. आठवणी डोक्यात शाबूत आहेत, पण त्यांना आवाज देणारं समोर कोणी नाही. दाराशी बसलेल्या मुलाला ऐकायला काही येत नाही, एवढीच त्याची गोची. देश सोडल्यावर गाव पुसट होत जातं असं आपण म्हणतो. माझ्या मते गाव बराच काळ स्पष्ट दिसतं. त्याच्या आधी ते मुकं होतं.

तुम्ही दूर राहत असाल, एडिसनला, सिंगापूरला किंवा गावापासून रात्रभराच्या अंतरावर पुण्यात, तर स्वतःशी विचारून बघा. तुमच्या गावातलं कोण शेवटचं तुमच्याशी अघळपघळ बोललं? कामाचं नव्हे, खुशालीचं नव्हे. मध्येच विषय सोडून, तिसऱ्याच माणसाची हकीकत सांगत, वीस मिनिटं. कोण? कधी?

उत्तर येईपर्यंत थांबायची गरज नाही. प्रश्न सोबत असू द्या.

१९४४ च्या फेब्रुवारीत थोरला भाऊ गेला. आई आणि धाकटा भाऊ युद्धात सोव्हिएत मुलखात लांब ढकलले गेले आणि तिकडेच संपले. क्रोख्माल्नाचा काही भाग वॉर्साच्या घेटोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, गेला होता. घेटोतली माणसं मृत्यूछावण्यांत नेली गेली, १९४३ मध्ये घेटो जमीनदोस्त झाला. १९४५ मध्ये सिंगरनं ‘गिंपल’ची कथा छापली. एकापाठोपाठ एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं, असा सोपा हिशोब मी मांडणार नाही. शोकातून कला जन्मते, असं म्हणायला फार बरं वाटतं. शोकातून बहुधा काहीच जन्मत नाही, हे घरोघरी माहीत आहे.

पण गिंपल कोण ते बघा. फ्रामपोल गावातला पाववाला. सगळं गाव त्याला फसवतं, तो विश्वास ठेवतो. बायकोची मुलं त्याची नाहीत, मरताना ती कबूल करते. सैतान त्याला सूड घ्यायला सांगतो, गावाचा पाव नासव म्हणतो. पाव भाजून होतात. मग मेलेली बायको स्वप्नात येऊन बजावते, आणि गिंपल ते सगळे पुरून टाकून गाव सोडतो. आणि पुढे? परमुलखात फिरतो, परक्यांच्या पंगतीला जेवतो, आणि मुलांना गोष्टी सांगतो. गाव सोडलेला माणूस गोष्ट सांगणारा झाला. सिंगरनं स्वतःबद्दल लिहिलेल्या शेकडो पानांत याच्याइतकं नेमकं काही मला सापडत नाही, आणि इथे तर तो स्वतःबद्दल बोलतही नाही.

ही कथा १९५३ मध्ये इंग्रजीत आली तीही कानांवाटे. कवी एलिएझर ग्रीनबर्ग यिडिश मजकूर मोठ्यानं वाचत होता आणि कादंबरीकार सॉल बेलो ऐकता ऐकता टंकयंत्रावर इंग्रजी उतरवत होता.

आता कॅफेटेरियात जाऊ. न्यूयॉर्कच्या ईस्ट ब्रॉडवेवर ‘फॉरवर्ट्स’च्या इमारतीजवळ गार्डन कॅफेटेरिया होता, वरच्या ब्रॉडवेवर, सिंगर राहायचा त्या भागातही असे कॅफेटेरिया होते. ट्रे घ्यायचा, काउंटरवरून हवं ते उचलायचं, टेबल धरायचं. एका कॉफीवर तासभर बसलं तरी कोणी उठवत नाही. युद्धानंतर इथे नवी माणसं येऊ लागली. छावण्यांतून वाचलेली, रशियातून फिरून आलेली, नावं बदललेली, दातांच्या कवळ्या बसवलेली. बोलतात पोलंडची यिडिश. कोणी पूर्वी कवी होता, कोणी कम्युनिस्ट, कोणी नुसताच देखणा होता. जर्मनीकडून मिळणाऱ्या नुकसानभरपाईचे अर्ज, वकील, डॉक्टरांचे दाखले, कोण मेलं, कोणी तिसरं लग्न केलं. न्यायनिवाड्याची खोली पुन्हा भरली. फक्त निवाडा देणारे वडील नाहीत, आणि मुलाला बाहेर काढणारं कोणी उरलेलं नाही.

१९६८ च्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात आलेली त्याची ‘कॅफेटेरिया’ ही कथा इथली. निवेदक सिंगरसारखाच यिडिश लेखक. एस्थर नावाची निर्वासित स्त्री त्याला सांगते, की एका रात्री तिनं याच कॅफेटेरियात हिटलरला त्याच्या माणसांसोबत बसलेलं पाहिलं. दुसऱ्या दिवशी कॅफेटेरिया जळून गेलेला होता. वेड म्हणावं की साक्ष? निवेदक आधी आईसारखा वागतो, नरडं शोधतो. मग हळूहळू वडिलांसारखा पांढरा पडतो. अमेरिकेवर यिडिशमध्ये लिहिता येत नाही म्हणणारा माणूस इथे अमेरिकेतच कथा मांडून बसला आहे. त्याची अट एवढीच, की माणसं पोलंडहून आलेली, यिडिश बोलणारी, आपल्याला आतून ठाऊक असलेली हवीत. मुलाखतींतही तो हेच सांगायचा.

त्या टेबलावर तुम्ही बसला आहात. समोर एक वयस्क माणूस तुमच्या भाषेत बोलतो आहे. तुम्हाला मधे बोलावंसं वाटतं, आपलाही अनुभव सांगावासा वाटतो, सांत्वन करावंसं वाटतं. काही करू नका. तो एकदा सांगितलेलं पुन्हा सांगेल. दुसऱ्या खेपेला काय गाळलं, तिकडे कान ठेवा.

सिंगरच्या बाकीच्या सवयी थोडक्यात. सकाळी उठून बसायचं. रेघांच्या वहीत हातानं लिहायचं. टेलिफोन दिवसभर वाजायचा, कारण त्याचं नाव-नंबर डिरेक्टरीत सरळ छापलेलं असायचं आणि कोणीही अनोळखी वाचक फोन करू शकायचा. तो उचलायचा. कचऱ्याची टोपली ही लेखकाची मैत्रीण, असं त्याचं मत. ब्रॉडवेवरच्या कबुतरांना दाणे टाकायचा, आयुष्याची शेवटची काही दशकं शाकाहारी होता. ‘फॉरवर्ट्स’ला दर आठवड्याला मजकूर द्यावाच लागे. मला या यादीत टेलिफोन महत्त्वाचा वाटतो. एकांत हवा म्हणून तक्रार करणारे लेखक पुष्कळ. दार सताड उघडं ठेवून लिहिणारे कमी. बापाच्या घरीही दार उघडंच असायचं.

कथा लिहायला घेण्याआधी त्याच्या तीन अटी असत, आणि त्या त्यानं पुष्कळ वेळा सांगितल्या आहेत. एकेक हातात घेऊन बघू. तुमच्या मनात एखादी न लिहिलेली कथा असेल तर तिला समोर बसवा.

पहिली अट: कथानक हवं. नुसती हुरहुर, नुसतं वातावरण चालणार नाही. कोणी काय केलं? त्यामुळे काय झालं? तुमच्या कथेत काही घडतं का? पुष्कळदा घडत नाही. विमानतळावर आईनं हात हलवला, हे चित्र आहे.

दुसरी: ती लिहायची ओढ हवी. ही अट सहज पार पडली असं वाटतं, म्हणून तिच्यावर थोडा संशय घ्या. लिहायची ओढ आहे, की लेखक म्हणवून घ्यायची? आठवडाभर कोणाला काही न सांगता ही कथा सोबत वागवता येईल का?

तिसरी: ही कथा फक्त मीच लिहू शकतो, अशी खात्री हवी, भ्रम असला तरी चालेल. इथे बसा, जितका वेळ लागेल तितका. पहिला बर्फ, परदेशी दुकानात सापडलेली कोथिंबीर, पहाटे आलेला घरचा फोन हे आणखी हजार जण लिहू शकतात, लिहितातही. मग तुमच्याकडे असं काय आहे? बहुधा ते काही भव्य नसतं. एखादा लंगडा घड्याळजी. एखादी काकू, जी जन्मभर एका सुनेशी बोलली नाही, आणि का बोलली नाही ते तुम्ही दाराआडून ऐकलंत म्हणून तुम्हालाच ठाऊक आहे.

ती काकू हाताशी आली असेल तर अजून लिहू नका. आता सिंगरनं पोलंडमध्ये मागे ठेवलेल्यांकडे येऊ. पाच वर्षांचा मुलगा पुढे पॅलेस्टाइनला वाढला आणि वीस वर्षांनी, १९५५ मध्ये, न्यूयॉर्कला बापाला भेटला. सगळ्या गल्लीचं ऐकणाऱ्या माणसानं इतकी वर्षं एक आवाज ऐकला नाही. सिंथिया ओझिक या लेखिकेनं १९६९ मध्ये एक दीर्घकथा लिहिली: न्यूयॉर्कमधला एक यिडिश कवी, आणि इंग्रजी अनुवादामुळे गाजलेल्या यिडिश कथाकाराबद्दलची त्याची जळफळ. हा कथाकार सिंगरवर बेतलेला आहे, हे वाचणाऱ्यांनी लगेच ओळखलं. यिडिश समीक्षकांतही अनेकांना तो नकोसा होता. मेलेल्या लोकांच्या गल्लीत हा चोर, वेश्या आणि भुतंच शोधतो, असा त्यांचा राग. मला हा राग समजतो, पटत मात्र नाही. वडिलांच्या खोलीत जी माणसं आली ती पुतळे व्हायला आली नव्हती. तरीही एक प्रश्न राहतो. ज्याचं ऐकलं, त्याची परवानगी कोणी घेतली? टेबलावर बोललेली एस्थर, जी कोणी खरी असेल ती, तिला कथेतून काय मिळालं? या प्रश्नाचं उत्तर सिंगरकडे नव्हतं. तो शाकाहारी झाला, कबुतरांना दाणे टाकत राहिला, आणि लिहायचं त्यानं थांबवलं नाही. तुमची काकू कदाचित हयात असेल. तिच्या सुनेची मुलं मराठी वाचत असतील. याचं काय करायचं ते मी सांगू शकत नाही, पण हे टोचणं कथा संपेपर्यंत असू द्यावं.

स्टॉकहोमला नोबेलच्या मेजवानीत सिंगरनं थट्टेनं म्हटलं होतं, की भुतांच्या गोष्टींना मरणपंथाला लागलेली भाषाच शोभते, आणि भुतांना यिडिश फार आवडते. शिवाय कयामतीच्या दिवशी लाखो यिडिश बोलणारे कबरींतून उठतील आणि पहिलं विचारतील, नवं काही वाचायला आहे का? सभागृह हसलं असणार. थट्टा खरीच होती, आणि त्यामागे पत्ते होते: कोणती गल्ली, कोणता जिना, कोण राहायचं. त्या पत्त्यांवर आता कोणीच राहत नव्हतं.

आता वही घ्या. डाव्या पानावर तुमच्या दाराशी तक्रार घेऊन आलेल्या त्या माणसाच्या घराचा पत्ता लिहा, पूर्ण: गल्ली, नंबर, मजला, जिन्यापासून कितवं दार. उजव्या पानावर भांडण कशावरून होतं ते, त्याच्याच शब्दांत. जिथे त्याचे शब्द आठवत नाहीत तिथे जागा कोरी सोडा आणि आज-उद्या अशा कोणाला फोन लावा ज्याला ते आठवत असतील. आपणहून भरू नका. विशेषणं नंतर बघू.